पडद्यावरचा हाल्वर

माझा धाकटा भाऊ हाल्वर सिनेमात मेला, तेव्हा तो माझ्या शेजारी मक्याच्या लाह्या खात बसला होता. पलीकडे आई.

त्याचं असं झालं. मोंटानातल्या आमच्या गावात हाल्वर लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. विशीही उलटली नव्हती. एका रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने पिठाची पिशवी, मीठ आणि वारलेल्या वडिलांची बंदूक उचलली. "जरा वर जाऊन येतो," म्हणाला. आम्हाला वाटलं, मासे धरायला चाललाय. तर हा डोंगरापलीकडच्या तळ्याकाठी झोपडं बांधून राहिला. दोन हिवाळे!

जंगलखात्याचा एक शिपाई अधूनमधून खबर आणायचा. "जिवंत आहे. दाढी वाढलीय. निरोप काही नाही."

"मग माझाही काही नाही म्हणून सांग," असं म्हणून आई त्याच्याच हातात लोकरीचे मोजे कोंबायची.

हाल्वर परतला तो दाढदुखीने. गाल भोपळ्यासारखा सुजलेला. दाढ काढून तो घरी आला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "बूट बाहेर काढ." पुढे त्याने लग्न केलं, शाळेची बस चालवायला लागला, पोट सुटलं.

तीस वर्षांनी रोवेना नावाची तरुण दिग्दर्शिका आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. त्या शिपायाच्या नातवाकडून तिला ही हकीकत कळली होती.

"पण तुम्ही का गेलात?" ती पुन्हापुन्हा विचारी.

"नाही बुवा सांगता येत," हाल्वर डोकं खाजवत म्हणे. "सिनेमा खुशाल काढा. फक्त माझं नाव नको."

ते उत्तर तिला पुरलं नसावं. सिनेमात तिने मुलाला दारुडा, मारकुटा बाप दिला.

"अगं बाई, तुझे वडील तर मुंगीलाही वाट द्यायचे," आई माझ्या कानात फुसफुसली, पण ते तीन रांगांना ऐकू गेलं.

बसमधली पोरं मागे बसली होती. "हाल्वरकाका, तुम्ही एवढे देखणे होता?"

"होतो. तुम्हीच वाट लावलीत."

शेवटी तो मुलगा बर्फात एकटा मरतो. आई ताडकन उठली. "मारला कशाला? नुसती दाढ दुखत होती त्याची!" सगळं थिएटर हसलं. मीही हसत हाल्वरकडे वळले. तो रडत होता.

बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मारित, तो मुलगा पहाटे तळ्यावर जातो, कुऱ्हाडीने बर्फ फोडतो, ते पाहिलंस?"

"अरे, पाणी हवं तर फोडावाच लागेल की."

"तसं नव्हे. फोडल्यावर पाणी संथ होईपर्यंत तो नुसता बसून राहतो. मीही बसायचो. हे मी तिला सांगितलंच नव्हतं."

घरी जाताना गाडीत आईने पहिल्यांदाच विचारलं, "का गेला होतास रे?"

"इथे काही वाईट नव्हतं, आई. पण वर सकाळी उठलं की मला हाक मारणारं कोणी नसायचं. बरं वाटायचं."

"मग दाढ काढून परत जायचं होतंस."

"जाणारच होतो. तू वाटाण्याचं सूप केलं होतंस. खाल्लं, झोपलो. मग राहूनच गेलं."

आई डोळे पुसत हसली.

पानं पिवळी झाल्यावर आईनेच हट्ट धरला, तळं दाखव म्हणून. आता जवळपर्यंत गाडी जाते. झोपड्याचे चार ओंडके तेवढे उरले होते. काठावर एका तरुण जोडप्याने तंबू ठोकला होता.

"आजी, सिनेमातला मुलगा जिथे मेला ती जागा कुठली हो?" त्यातल्या मुलीने विचारलं.

आई तोंड उघडणार, तेवढ्यात हाल्वरने समोरच्या कड्याकडे बोट दाखवलं. "त्याच्या पलीकडे. बरंच चालावं लागेल."

ती दोघं उत्साहाने निघाली. पावलं ऐकू येईनाशी झाली. आई शाल पांघरून उन्हात पेंगायला लागली, आणि हाल्वर पाण्यापाशी मांडी घालून बसला. बर्फ अजून धरला नव्हता.

"चल, अंधार पडेल," मी थोड्या वेळाने म्हटलं. "उद्या तुझी शाळा आहे."

"बस गं जरा."

मग मीही बसले.