म्येनह्वाय

दादा वारले, त्याच्या पाचव्या दिवशी दुपारी ते परत आले. चपला दाराबाहेर काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्येनह्वाय."

आईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "काय म्हणतायत गं?" तिने मला विचारलं. चाकणच्या एका कारखान्यात मी चिनी यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं भाषांतर करते. दादांना, माझ्या वडिलांना, चिनी येत नव्हती. आता त्यांना तेवढं एकच क्रियापद येत होतं. मराठी राहिली नव्हती.

यंत्रांच्या कामात हा शब्द कधी लागला नव्हता. मी माझ्या जुन्या शिक्षिकेला, केळुसकर बाईंना, फोन केला.

"आदराने आठवणं," बाई म्हणाल्या. "फार औपचारिक आहे. शोकसभेत, स्मारकापाशी वापरतात. आणि जे आता नाही, त्याच्यासाठीच."

"समोर बसलेल्या माणसासाठी वापरलं तर?"

"चूक होईल."

दादांनी चूक होऊ दिली नाही. त्यांनी पेल्याकडे बघून शब्द उच्चारला आणि पेला नव्हता. मग खिडकीकडे बघितलं. तिथे भिंत झाली. चार वाजेपर्यंत स्वयंपाकघर गेलं, मधली खोली गेली. आम्ही तिघं आणि तीन खुर्च्या उरलो.

मी त्यांना साधं क्रियापद शिकवायला बसले. "दादा, म्हणा, श्यांग. आपल्या माणसाची आठवण आली की हेच म्हणतात. माणूस जिवंत असला तरी चालतं."

ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. त्यांनी खरंच प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं. शब्द आला नाही.

आईने केस सारखे केले आणि आपली खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.

"आई, तिथे बसू नकोस."

"एकेचाळीस वर्षांत माझ्याबद्दल एक चांगला शब्द निघाला नाही त्यांच्या तोंडून," आई म्हणाली. "आदराने, असंच म्हणाल्या ना तुझ्या बाई?"

दादांनी मान फिरवली. आईने त्यांची हनुवटी धरून चेहरा पुन्हा आपल्याकडे वळवला.

"बोला," ती म्हणाली.

ते बोलले. अगदी हळू, एकेक अक्षर जपून. उच्चार अचूक होता.

आईबरोबर तिची खुर्चीही गेली. भिंती माझ्या खांद्यांना टेकल्या. दादा माझ्याकडे वळले, तेव्हा रडत होते. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. लहानपणापासून ते मला मीनू म्हणतात. माझ्या तळहाताखाली त्यांचे ओठ मिटले आणि 'म' घुमू लागला.