उपाशी राहण्याचे पैसे

“उपाशी राहायला पैसे? अगं, उपाशी तर माणूस फुकटात राहतो!” असं म्हणत मेरिअनने सोललेल्या बटाट्यांची बादली ओट्यावर आदळली.

“मग राहा की. कोण अडवतंय?” गल्ल्याशी बसलेली नेरिस म्हणाली.

वर्षभर मेरिअनने तेच करून पाहिलं होतं. कोबीचं पाणी पिऊन झालं, पहाटे बंदरापर्यंत चालून झालं, संध्याकाळचं जेवण सोडून झालं. प्रत्येक वेळी पंधरा दिवसांत गाडी मूळ पदावर. आणि आता मिसेस बेनन नावाच्या बाई त्याच्याच दुकानाच्या काचेवर जाहिरात चिकटवून गेल्या होत्या, तीही त्याची परवानगी घेऊन : वजन उतरवण्याचा वर्ग, दर गुरुवारी संध्याकाळी, गावच्या प्रार्थनाघराच्या, म्हणजे चॅपेलच्या, मागच्या खोलीत, आठवड्याला सहा पौंड. जिथं मासे तिथंच गळ टाकावा, हे त्या बाईंना बरोबर ठाऊक होतं.

मेरिअन प्यूचं तळलेल्या माशांचं दुकान वडिलांच्या वेळचं. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात दर शुक्रवारी संध्याकाळी दुकानाबाहेर रांग लागे. पिठात बुडवून तळलेला कॉड मासा आणि बोटाएवढ्या जाड बटाट्याच्या चिप्स, वर मीठ आणि व्हिनेगर. मेरिअन तळणार, त्याची मोठी बहीण नेरिस गल्ला सांभाळणार. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. खाली दुकान, वर घर, आणि दिवसभर एकमेकांना टोमणे.

दोन वर्षांपूर्वी नेरिसच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलची गाडी तिला डायलिसिससाठी घेऊन जाई, आणि ती परत येई ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी. मेरिअनचं रक्त तिच्याशी जुळलं तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता! पण कार्डिफच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सने त्याला वजनकाट्यावर उभं केलं आणि चष्मा काढून ठेवला.

“मिस्टर प्यू, किडनी तुमची ठणठणीत आहे. पण एवढ्या वजनाच्या माणसाला टेबलावर घ्यायला आमचे सर्जन तयार व्हायचे नाहीत. वीस किलो उतरवा आणि या.”

डॉक्टरांकडच्या फुकटच्या वर्गाला नंबर लागायला दीड वर्ष होतं. नेरिसच्या तोंडाकडे पाहता दीड वर्ष हा आकडा मेरिअनला उच्चारवत नव्हता.

“सहा पौंड,” तो पुन्हा म्हणाला. “आणि बाई काय देणार? सल्ला! चिप्स खाऊ नका म्हणून.”

“जाऊ नकोस,” नेरिस सुटे पैसे लावता लावता म्हणाली. “पैसे वाया जातील. तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते. आणि मला नकोय तुझी किडनी. तुझी तुलाच लखलाभ.”

तिने मान वर केली नाही. चौपन्न वर्षं तिला ओळखणाऱ्या मेरिअनला कळलं, की ही आपल्याला नावं ठेवत नाहीये. सुटायला दार उघडून देतेय. त्याने हात पुसले, कोट चढवला आणि गुरुवार होता म्हणून सरळ चॅपेलच्या मागच्या खोलीत गेला.

दार उघडताच आतली कुजबुज एकदम थांबली. वीस-एक बायका खुर्च्यांवर बसल्या होत्या, आणि त्यातल्या निदान पंधरा जणींची शुक्रवारची ऑर्डर मेरिअनला तोंडपाठ होती. कुणी पर्समध्ये डोकं घातलं, कुणाला अचानक खोकला आला. पोस्टातून निवृत्त झालेली डिलिस प्रॉथेरो (मोठा कॉड, दुप्पट चिप्स) तेवढी उठून उभी राहिली.

“मेरिअन,” ती म्हणाली, “तू काही बघितलं नाहीस, आम्हीही काही बघितलं नाही. काय?”

“मी तर अजून आत आलोच नाहीये, मिसेस प्रॉथेरो.”

बायका हसल्या आणि त्याला खुर्ची मिळाली.

“तीन महिन्यांचे एकदम भरलेत तर सवलत आहे हो,” मिसेस बेनन म्हणाल्या.

“एका आठवड्याचेच घ्या. पुढच्याचा भरवसा कुणी दिलाय?”

का आलो ते त्याने सांगितलं नाही. नेरिसचं दुखणं गावाला माहीत होतं, पण भावाची किडनी चालणार आहे ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. बोलून न जमलं तर गावभर तोंड दाखवणं मुश्किल.

पहिले काही आठवडे काटा खाली आला. मग अडून बसला. मग एका गुरुवारी चक्क वर चढला. मेरिअनने घरी येऊन हिशेब केला. भरलेले पैसे भागिले उतरलेलं वजन. अंगावरची चरबी त्याला कॉडपेक्षा महाग पडत होती. पुढचे दोन गुरुवार तो गेलाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं आणि गिऱ्हाईक यायचं होतं. नेरिस हॉस्पिटलात होती. डिलिस आत आली.

“मासा दे. पिठाशिवाय, शेगडीवर भाजून. आणि गुरुवारी कुठं असतोस?”

“परवडत नाही.”

“दुकान भरून वाहतंय तुझं, आणि सहा पौंड परवडत नाहीत?”

“फुकट जाणारे सहा पौंड कुणालाच परवडत नाहीत, मिसेस प्रॉथेरो. मी बाई सांगतात तेवढंच जेवतो. वजन हलत नाही. मग कशाला...” त्याने कढईतून चिप्सची जाळी उचलली, एक फोड तोंडात टाकली, मान हलवली आणि जाळी परत तेलात सोडली.

“हे काय केलंस?”

“कुठं काय?”

“आत्ता तोंडात काय टाकलंस?”

“ती चव बघितली. ती धरायची नसते. न चाखता विकू नये, असं बाबांनी सांगितलंय.”

“मी आल्यापासूनची ही चौथी, मेरिअन! आणि दुकान रात्रीपर्यंत उघडं असतं ना?”

तीस वर्षांत मेरिअनच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. हात आपोआप जाई आणि तोंड आपोआप उघडे. त्याला एकदम स्वतःचा एवढा राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि त्या भरात तो सगळं बोलून गेला. कार्डिफची नर्स, वीस किलो, नेरिस, सगळं.

समोर आलेला मासा डिलिसने तसाच ठेवला. “आणि एवढं तू एकटा पोटात घेऊन बसलास? गाढवा!”

गुरुवारी तिने त्याला हाताला धरून नेलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं. “सांग,” म्हणाली. त्याने मान खाली घालून चार वाक्यांत सांगितलं. कोपऱ्यात कुणीतरी नाक शिंकरलं. मग ग्लेनिस नावाची एक हाडकुळी म्हातारी म्हणाली (ती या वर्गात का येते हे कोडं कुणालाच सुटलं नव्हतं), “अडचण चव बघण्याचीच आहे ना? मग चव आम्ही बघू.”

“म्हणजे?”

“रोज आमच्यातली एक जण तुझ्या ओट्याशी उभी राहील. तू तळ, आम्ही चाखू. एका वेळी एकच फोड.”

मग जो गलका झाला त्याला तोड नव्हती. शुक्रवार कुणाचा यावरून दोन मैत्रिणींत जवळजवळ भांडण जुंपलं. शेवटी सगळ्याजणी मिसेस बेननकडे पाहू लागल्या. बाईंनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, “मी यातलं काहीही ऐकलेलं नाही. पण फोड अर्धीच. आणि व्हिनेगर लागेल तेवढं.”

त्या हिवाळ्यात प्यूंच्या दुकानात रोज संध्याकाळी ओट्याशी एक बाई खायचा काटा घेऊन उभी असे. “मीठ कमी आहे.” “अजून जरा लाल होऊ दे.” डिलिस तर साक्षात हुकूमशहा. “काल ग्लेनिसनं पास केल्या म्हणे असल्या? तिला कवळी आहे, तिला काय कळतंय!” रांगेतली माणसं म्हणत, मेरिअननं लग्न नाही केलं, पण सासवा मात्र डझनभर ठेवल्यात. गल्ल्याशी नेरिस हसून हसून खोकू लागे. इतकं हसताना गावाने तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

“अख्ख्या गावात माझ्या किडनीची दवंडी पिटलीस,” ती म्हणाली.

“तुझ्या नव्हे. माझ्या.”

सोपं काही नव्हतं. हात सवयीने कढईकडे जाई आणि बाई तो काट्याने टोचून मागे सारी. भुकेने तो चिडचिडा झाला. एकदा तर बटाट्यांच्या पोत्याला लाथ मारून अंगठा सुजवून घेतला. पण गुरुवार आला की तो सहा पौंड ठेवी, बूट काढी आणि काट्यावर चढे. सगळ्या खुर्च्या श्वास रोखून बसत, आणि काटा खाली आला की टाळ्यांनी चॅपेलची तावदानं हलत.

हिवाळा सरून डोंगरावर कोकरं दिसू लागली, तेव्हा दोघं कार्डिफला गेली. नर्सने आकडा पाहिला, मागचा कागद काढून पाहिला, आणि त्याला एकदा खाली उतरवून पुन्हा चढवलं.

“मिस्टर प्यू,” ती म्हणाली, “तारीख ठरवू या.”

बाहेर येऊन त्याने नेरिसला सांगितलं. त्याच्या गळ्याशी ढगळ झालेली कॉलर तिने नीट केली, आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, “अजून विचार कर. काही झालं तुला, तर मी...”

“नेरिस, सहा महिने मी वाफवलेला कोबी खाल्लाय. आता नाही म्हणालीस तर कोर्टात खेचीन तुला.”

ऑपरेशन जूनमध्ये झालं. मेरिअन शुद्धीवर आला तेव्हा त्याने पहिलं विचारलं ते, “तिचं काय?” नर्स हसली. नव्या जागी बसवल्या बसवल्या किडनी कामाला लागली होती. तिसऱ्या दिवशी तो सलाईनचा दांडा ढकलत ढकलत बहिणीच्या खोलीपर्यंत गेला. नेरिस उशांना टेकून टोस्ट खात होती, आणि तिच्या गालांवर रंग होता. त्याला पाहून म्हणाली, “काय तो अवतार! ढगळ पायजम्याला पट्टा नाही का मिळाला कुठं?” मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं, आणि बराच वेळ तिचे खांदे हलत राहिले. तो दांडा धरून तसाच उभा राहिला. जगात आपल्याएवढा श्रीमंत माणूस नाही, असं त्याला वाटलं.

सप्टेंबरमध्ये दुकान पुन्हा सुरू झालं. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी मेरिअन चॅपेलच्या मागच्या खोलीत हजर झाला आणि त्याने पैसे टेबलावर ठेवले.

“अहो, तुमचं काम झालं ना?” मिसेस बेनन म्हणाल्या. “आता कशाला भरताय?”

“बाई, मला आता एकाच किडनीवर दिवस काढायचेत. तिला जपायला हवं. आणि इथं तुम्ही सगळ्या बघत असता, ते मला घरी फुकटात मिळत नाही.”

तो काट्यावर चढला. बाईंनी आकडा वाचला, वहीतला जुना आकडा पाहिला, आणि त्यांच्या डोळ्यांत मिस्कील चमक आली.

“बरंच उतरलंय. पण मेरिअन, किडनीचं वजन असतं दीडशे ग्रॅम. ते उतरलेल्यात धरायचं का?”

खोली हसून हसून लोटपोट झाली. मेरिअनही हसला. मग त्याने खरोखरच क्षणभर विचार केला.

“नको. ते धरू नका,” तो म्हणाला. “ते उतरलेलं नाही. घरातच आहे.”

हसू हळूहळू विरलं. मिसेस बेनन यांनी आकडा दुरुस्त करून लिहिला. मेरिअन काट्यावरून खाली आला, कुशीवरच्या व्रणावर हात ठेवून सावकाश वाकला, आणि बुटाच्या नाड्या बांधू लागला.