कपाटातले सदतिसावे घड्याळ

मित्रांनो, मी खिशात ठेवायचे एक जुने घड्याळ आहे आणि मी रागावलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात. मला ते जमणार नाही.

मला एका कारागिराने घडवले. खिडकीजवळचे टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. तिळाएवढी चाके तो एकेक करून घासायचा आणि शिंक आली तर उठून दाराबाहेर जाऊन शिंकायचा. माझी कळ दाबली की मी बारीक घंटा वाजवून वेळ सांगतो. तिचा सूर मनासारखा लागायला चार महिने गेले. लेक जेवायला हाका मारून थकायची. मी पुरा झालो तेव्हा त्याचा उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डावाही फार टिकला नाही.

मला विकत घेतले ते मालकांनी. माणूस वाईट नव्हे, हे रागातही कबूल करतो. त्यांना घड्याळांची भारी हौस. छत्तीस होती, मी सदतिसावा. पहिल्या दिवशी त्यांनी मला पंधरा-वीस वेळा वाजवून ऐकले आणि ते लहान मुलासारखे हसले. पण आठवड्याभरात माझी रवानगी मखमली खणात झाली, कपाटाला कुलूप लागले आणि मला चावी देणे थांबले. वापरले तर झिजेल म्हणे. अहो, चालता चालता झिजायलाच तर मी जन्मलो होतो.

पुढे कारागिराची दृष्टी गेल्याचे मालकांच्या कानावर आले. तेव्हापासून दर महिन्याला ड्रायव्हरच्या हाती त्याच्या घरी औषधे आणि किराणा जाऊ लागला. कोणी पाठवले ते सांगायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. मालकीणबाईंखेरीज घरात कुणाला पत्ता नव्हता. याला कोण नावे ठेवील? मीही ठेवली नसती. पण एकदा ड्रायव्हर निरोप घेऊन आला. विकत घेतल्यावर मला आणायलाही तोच गेला होता, त्यामुळे म्हाताऱ्या कारागिराने त्याला खोकल्यावरूनच ओळखले होते. म्हाताऱ्याचे मागणे एवढेच, की ते घड्याळ एकदा हातात द्या, ऐकून परत देतो.

मालक कपाटासमोर घुटमळले. आंधळ्या माणसाच्या हातून पडले तर, असे म्हणाले. औषधे दुप्पट ने, पण घड्याळ नाही.

माझी स्प्रिंग सैल होती म्हणून बरे, नाहीतर त्या क्षणी तुटलीच असती. ज्या हातांनी मला घडवले, त्या हातांतून म्हणे मी पडेन!

मालकीणबाईंनी हे सगळे ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक बाहेर पडताच त्यांनी कुलूप उघडले, मला रुमालात गुंडाळले आणि ड्रायव्हरकडून पत्ता घेऊन थेट कारागिराचे घर गाठले.

त्याने मला ओंजळीत घेतले, चावी दिली आणि कानाशी धरले. मी चाललो, पण लंगडत. त्याचा चेहरा उतरला.

"तेल वाळून गोंद झालंय," तो म्हणाला. "वापरून बिघडलं असतं तर समजलं असतं. याला तर उपाशी मारलंय."

त्याने सांगावे आणि लेकीने करावे, असे माझे पोट उघडले गेले. तेवढ्यात ड्रायव्हरकडून कळल्यामुळे मालक तणतणत येऊन दारात उभे राहिले. "मला विचारायचं तरी होतंस," ते मालकीणबाईंना म्हणाले.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," मालकीणबाई म्हणाल्या. "दान गुपचूप करावं, हे मलाही पटतं. पण तुम्ही दान लपवत नाही, तोंड लपवता."

म्हाताऱ्याने आवाजाच्या रोखाने मान वळवली.

"साहेब, तुमच्या औषधांवर माझं चाललंय, नाही म्हणत नाही. पण दर महिन्याला पिशवी येते, माणूस येत नाही. डोळे गेले, कान शाबूत आहेत. बाकीची छत्तीस घेऊन या. कुणाचं काय दुखतंय ते मी सांगेन, लेक दुरुस्त करील. आणि त्याची मजुरी घेईन."

मालक तिथल्याच स्टुलावर बसले. त्यांनी हळूच विचारले, "माझ्या हौसेपायी तुमचे डोळे गेले का?"

"तुमच्या नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या. हौस मलाही होती."

आता दर रविवारी मालक दोन-दोन घड्याळे घेऊन तिथे जातात. मध्यंतरी त्यांनी अडतिसावे घेतले आणि म्हाताऱ्याला ते ओशाळून सांगितले. त्याने आधी कानाला लावायला मागितले. माझ्या झाकणावर एक ओरखडा पडला आहे आणि मी ठणठणीत चालतो आहे. पण कुलपामागे गेलेली पाच वर्षे मला कुणी परत देणार नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो, सुंदर वस्तू हौसेने घ्या, त्यात लाजू नका. पण त्या वापरा. कुणाला काही द्यायचे असेल तर चारचौघांत सांगू नका हवे तर, पण पिशवीबरोबर स्वतः जा. दार वाजवा, आत बसा, आणि समोरचा रागावलेला असेल तर तेही ऐकून घ्या.