अर्धा खवला

गेममधल्या पात्राचा डावा पाय सर्पाच्या दोन खवल्यांच्या मध्ये गुडघ्यापर्यंत रुतला. टेस्टरने त्याला तिथेच उभं केलं, जागेचा आकडा टिपला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाला,

"गुडघ्यापर्यंत गेला."

"तुमचा की त्याचा, काका?"

"माझा कधीच गेलाय."

शेजारच्या टेबलावरची तरुणी हसली आणि तिने ती फट बुजवायला घेतली. हा सर्प तिनेच घडवला होता, म्हणून अख्खं ऑफिस तिला सर्पमित्र म्हणे.

सर्प उत्तर युरोपातल्या पुराणातला. समुद्राच्या तळाशी पृथ्वीला विळखा घालून, स्वतःचं शेपूट तोंडात धरून पडलेला. गेमच्या पहिल्या भागात तो शत्रू होता. दुसऱ्यात सल्लागार झाला. वय झालं की माणसांचंही असंच होतं. तिसऱ्या भागात त्याचा रस्ता करायचं ठरलं. खेळणारा त्याच्या पाठीवरून चालत जग ओलांडणार होता, आणि त्याआधी कोणीतरी ती पाठ डोक्यापासून शेपटापर्यंत, खवला न् खवला, चालून बघणं भाग होतं. टेस्टरने आधी सव्वीस वर्षं टेलिफोन डिरेक्टरीची मुद्रितं तपासली होती. शेवटच्या आवृत्तीत एकही चूक नव्हती. ती कोणी उघडलीही नव्हती.

इथल्या कंत्राटात मुदतीच्या रकान्यात 'सर्प संपेपर्यंत' असं लिहिलं होतं. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत घरून बायकोचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला.

"शेपूट आलं का?"

"नाही अजून."

"सावकाश चाला. या वयात दुसरा साप कोण देणार आहे तुम्हाला?"

तसं पाहिलं तर शेपूट दोन महिन्यांपूर्वीच यायला हवं होतं. पण रोज सकाळी तो कामाला बसला की पुढे आणखी एका दिवसाची पाठ पसरलेली असे. तिथले खवले कोरे करकरीत दिसत. सर्पमित्र हल्ली सगळ्यांच्या आधी येते, असं वॉचमन एकदा सहज बोलून गेला होता. टेस्टरने तिला काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

"किती राहिलंय, काका?"

"कालच्याइतकंच."

"मोठं जनावर आहे हो," असं म्हणून ती हेडफोन कानाला लावी.

टीम लीडला एकदा शंका आली. "पृथ्वी आहे तेवढीच, मग साप वाढतोय कसा?"

"वळसे आहेत, सर," ती म्हणाली. "वळसा घातल्याशिवाय इथे कुठलं काम होतं?"

लीडने मान डोलावली. ते त्यालाही पटलं असावं.

सोमवारी तिची खुर्ची रिकामी होती. टेस्टरने पात्राला चालवायला सुरुवात केली. अकरा वाजता शुक्रवारपर्यंतची पाठ संपली. पुढे जेमतेम वीस पावलांचा तुकडा होता, रंग न दिलेला, राखाडी. त्यापलीकडे पाणी. शेवटचा खवला अर्धाच होता. मध्येच कोणी हाक मारावी आणि हातातलं काम तसंच टाकून उठावं, तसा.

त्याने शेजारी पाहिलं. माउसची वायर नीट गुंडाळून तिला रबरबँड लावलेलं होतं.

लीड मागे येऊन उभा राहिला.

"तिला सकाळीच मोकळं केलं. चौथ्या भागात सर्प नाहीये."

"मग काय आहे?"

"धुकं." लीड पडद्याकडे वाकला. "अरे, आलं की शेपूट! काही दोष?"

टेस्टरच्या हाताखाली नोंदीचा तक्ता उघडा होता. हा खवला टिपला असता, तर फेरतपासणीला आणखी आठवडाभर सहज मिळाला असता. पण नोंद गेली की दुपारपर्यंत कोणीतरी तो राखाडी तुकडा छाटून टाकतं, हेही त्याला ठाऊक होतं. सव्वीस वर्षांत त्याने एक अनुस्वारसुद्धा सोडला नव्हता.

"नाही," तो म्हणाला, आणि रकान्यात तसंच लिहिलं.

"वा. मग दुपारी कार्ड जमा करून जा, काका. घाई नाही. चारपर्यंत चालेल."

लीड गेला. गेममध्ये पात्राला खाली बसवायचं एक बटण होतं. ते कोणी कधी वापरत नसे. टेस्टरने ते दाबलं. पात्र अर्ध्या खवल्यावर पाय सोडून पाण्याकडे तोंड करून बसलं.

सुट्टी झाली तसा फोन वाजला.

"शेपूट आलं का?"

"आलं."

पलीकडे नळाचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"आता काय करताय?"

"काही नाही," तो म्हणाला. "बसलोय."