जाऊबाईंचं नाक

आमच्या घरात बरणी उघडायची म्हणजे आधी जाऊबाईंनी तिला नाक लावायचं. 'नाक लावणं' हा शब्द त्यांचाच. उन्हाळ्यात भरलेली कुठलीही बरणी, मग त्यात मिठाच्या पाण्यातला घेवडा असो, व्हिनेगरमधल्या काकड्या असोत की जॅम, त्यांनी वास घेऊन 'हं' म्हटल्याशिवाय ताटात जायची नाही. पाहुणे असले की हा सोहळा जेवणाच्या टेबलावरच व्हायचा. जाऊबाई वाकायच्या, वास घ्यायच्या, आणि तोवर कुणी चमचाही वाजवायचा नाही. मला त्या नाकाचा इतका राग यायचा की काय सांगू.

लग्न होऊन आले तेव्हा मी बरोबर एक कुंडी आणली होती, तीही अर्धी वाळलेली. त्या दिवसापासून मी 'कुंडीवाली'. घरामागच्या बागेत माझ्या हातून काही चुकलं की त्याची गोष्ट व्हायची आणि ती वर्षानुवर्षं चालायची. टोमॅटोच्या झाडाची बगलेतली फूट खुडायची असते, शेंडा नाही. पहिल्या वर्षी मी शेंडाच खुडला.  तो शेंडा पाण्याच्या ग्लासात घालून जाऊबाईंनी जेवणाच्या टेबलावर ठेवला, आठवडाभर. येईल त्याला दाखवायच्या, "हे आमच्या कुंडीवालीचं काम." दव वाळायच्या आत घेवडा तोडला तर, "शेंगा ओल्या असताना हात लावतेस, सगळ्या वेलांना तांबेऱ्याचा रोग चोळतेस का?" आणि हे शेजारणीसमोर. बरोबर असायचं त्यांचं. त्यानेच तर जास्त झोंबायचं.

माझे मोठे दीर सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नव्हतं. घर माझ्या नवऱ्याच्या नावावर. नवरा वाईट माणूस नाही, पण त्याचं गणित सरळ होतं. "वहिनी बाग बघतात, कोठी बघतात. त्यांच्यावाचून आपलं अडेल," असं तो म्हणायचा. अडायचं थांबलं तर काय, हे तो बोलत नसे, पण जाऊबाईंना ते ऐकू यायचं. त्यांचा एक भाऊ होता, हार्डवेअरचा दुकानदार. दुकानामागे एक खोली होती. तिथे रंगाचे डबे आणि पाइप ठेवलेले असायचे, आणि एक खिडकी भिंतीकडे उघडायची. "तिथे जायची वेळ आली तर मी आधीच जाईन वर," असं जाऊबाई हसत म्हणायच्या. हसणं खोटं होतं, हे मलाही कळायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. दोन आठवड्यांनी उठल्या त्या जरा नरमल्यासारख्या. बरणी उघडायची असली की मला हाक मारू लागल्या. "ये गं, झाकण धर." मी समोर उभी राहायची, त्या वास घ्यायच्या, 'हं' म्हणायच्या. मला वाटलं, नऊ वर्षांनी का होईना, बाई शिकवायला लागल्या. खोटं कशाला बोलू, मी खूष झाले होते.

मग स्ट्रॉबेरी आल्या. जाऊबाई जॅम ढवळत होत्या, मी अंगणात टोपल्या धूत होते. करपल्याचा वास थेट बाहेरपर्यंत आला. धावत आत गेले तर बाई पातेल्यावर वाकून शांतपणे ढवळतायत. खाली काळा थर धरलाय, आणि त्या म्हणाल्या, "रंग छान आलाय ना?"

मी गॅस बंद केला.  डोक्यात चक्र सुरू झालं. बरणी उघडताना त्या पूर्वी डोळे मिटायच्या. आता उघडे ठेवायच्या. आणि बरणीकडे नाही, माझ्याकडे बघायच्या.

खात्री करायला मी एक गंमत केली. काकड्यांची अगदी चांगली बरणी होती, कुरकुरीत, शेपूच्या वासाची. झाकण निघालं आणि मी नाक मुरडलं, अगदी किंचित. जाऊबाईंनी लगेच बरणी लांब धरली. "गेली ही. ओत खताच्या खड्ड्यात." मी ओतली आणि बागेतल्या शेडच्या मागे जाऊन पोट धरून हसले. इतके महिने मी शिकत नव्हते. इतके महिने मी बाईंचं नाक होते.

मी तेव्हाच नवऱ्याला सांगू शकले असते. बाईंना सांगू शकले असते, 'ताई, असू दे, मी घेते वास, कुणाला कळणार नाही.' ही दुसरी गोष्ट माझ्या मनात आली होती, हे मी मुद्दाम सांगते. आली आणि मी ती बाजूला ठेवली.

त्याच आठवड्यात कोठी झाडताना मला घेवड्याची एक बरणी सापडली. झाकण नीट बसलेलं नव्हतं. जवळ जाऊन वास घेतला. मेलेला उंदीर परवडला. ती फेकायला हवी होती. मी झाकण घट्ट केलं, बरणी पुसून फळीच्या मागच्या बाजूला सरकवली, आणि सहा आठवडे तिची काळजी घेतली.

जाऊबाईंचा भाऊ आणि भावजय वर्षातून एकदा जेवायला यायचे, टोमॅटो लाल व्हायला लागले की. त्या रविवारी टेबलावर आम्ही पाच जण होतो. जाऊबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. "जा, एक घेवडा आण," त्या मला म्हणाल्या, आणि भावाला, "गेल्या सालचा आहे, पण बघ कसा राहिलाय."

मी ती बरणी आणली. मिठाच्या पाण्यातला घेवडा तसाही गढूळच दिसतो, त्यामुळे बघून कळायची सोय नव्हती. मी श्वास रोखला आणि झाकण काढलं. बाई वाकल्या. डोळे वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी हसले. फार नाही, पाहुण्यांसमोर हसतो तेवढंच.

"उत्तम," जाऊबाई म्हणाल्या. "यंदा उघडलेल्यांत सगळ्यात चांगली." आणि मोठा चमचा भरून त्यांनी भावाच्या ताटात वाढला.

वास तोवर सगळ्या टेबलावर पसरला होता. भावजयीने पदर नाकाला लावला. भाऊ ताटाकडे बघत बसला. त्या नाकापुढे कुणी बोलायचं नाही ही सवय इतकी जुनी होती की क्षणभर कुणीच बोललं नाही. शेवटी माझा नवरा म्हणाला, "वहिनी, हे कुजलंय."

"काहीतरीच काय," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी बरणीतली एक शेंग उचलली आणि तोंडात टाकली. चावली. गिळली. "छान तर आहे."

भावजय उठून मोरीकडे पळाली. नवऱ्याने बरणी बाईंच्या हातातून काढून घेतली आणि हळूच विचारलं, "वहिनी, तुम्हाला वास येत नाही का?"

 बाई माझ्याकडे बघत होत्या. मी अजून हसत होते, कारण हसू बंद कसं करायचं ते मला कळत नव्हतं.

पुढचं सगळं चांगल्या शब्दांत झालं. नवरा म्हणाला, कुणाच्या पोटात काही गेलं असतं तर. भाऊ म्हणाला, अक्का, आता आराम कर, किती दिवस राबणार, डबे मी हलवून घेतो. मी कप विसळत ऐकत होते. माझं नाव कुठेच आलं नाही. पंधरा दिवसांनी तो गाडी घेऊन येणार असं ठरलं.

त्याच पंधरा दिवसांत टोमॅटो एकदम पिकले. जाऊबाई दुसऱ्याच दिवशी सकाळी टोपली घेऊन उभ्या राहिल्या. "चल. मी गेल्यावर हे कुजवशील." आणि त्यांनी मला सगळं शिकवलं. उकळत्या पाण्यात किती वेळ बुडवायचे म्हणजे साल सुटते. प्रत्येक बाटलीत एक चमचा लिंबाचा रस आधी, टोमॅटो नंतर; रस विसरला तर सगळं नासतं. वर बोटभर जागा मोकळी. पातेल्याच्या तळाशी फडकं, नाहीतर बाटल्या तडकतात. गार झाल्यावर झाकण बोटाने दाबायचं, टक् वाजलं तर ती बाटली पुन्हा उकळायची. बियाण्याची फळं कुठली राखायची, तेही दाखवलं. टोमणा एकही मारला नाही. मला ते सहन होईना.

कुठेतरी खोट असणार, असं मला वाटत होतं. मी त्यांच्या जागी असते तर सांगताना लिंबाचा चमचा गाळला असता. म्हणून मी शेजारणीला विचारून आले, छापील पुस्तकात बघितलं. सगळं खरं होतं. शेवटच्या दिवशी राहवेना म्हणून विचारलंच, "ताई, तुम्ही मला सगळं बरोबर का सांगितलंत?"

त्या फडकं पिळत होत्या. "राग तुझ्यावर आहे. टोमॅटोंनी काय घोडं मारलंय माझं?"

"मला वाईट वाटतंय," मी म्हणाले.

"नाही वाटत. वाटेल पुढे कधीतरी. आत्ता तुला बरं वाटतंय, आणि त्याची भीती वाटतेय." मग फडकं झटकून म्हणाल्या, "मी तुझ्या जागी असते तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना ओरडून सांगितलं असतं. सहा आठवडे बरणी नसती सांभाळली. कोठीतली कुठली बरणी कुठे आहे, कुठलीचं झाकण ढिलं होतं, ते मला माहीत नसतं, असं वाटलं का तुला?"

माझ्या हातातली बाटली मी खाली ठेवली. त्यांना ती बरणी ठाऊक होती. फेकायची आहे की ठेवायची, हे त्या माझ्यावर सोडून गप्प राहिल्या होत्या, आणि बरण्या सगळ्या सारख्याच, म्हणून टेबलावर मी हसले तेव्हा त्यांना वाटलं असणार की मी दुसरी आणली.

भाऊ दुपारी आला. एक ट्रंक, एक गाठोडं, संपलं. नवरा डिकी लावत होता. जाऊबाई फाटकाशी थांबल्या आणि माझी हनुवटी धरून त्यांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला. काकडी पिकली की नाही बघतात तसा.

"इतके महिने या तोंडावर विश्वास ठेवला मी," त्या म्हणाल्या. "नवऱ्याच्यासुद्धा नव्हता इतका ठेवला."

मग त्या गाडीत बसल्या आणि काच वर केली. गाडी वळेपर्यंत मी चेहरा तसाच ठेवला.