कुंपणाबाहेरची मशीन

मी बंदराच्या कुंपणाबाहेर बसलेली शिलाई मशीन बोलतेय. वजनदार, जाड पट्टे शिवणारी आणि जराशी तोंडाळ. कुंपणाच्या आत मला मज्जाव आहे. तो का, हे सांगितल्याशिवाय मला घातलेलं तेल पचायचं नाही.

जहाजावरचा माल आवळून बांधायचे पट्टे आईने माझ्यावर शिवले. ती गेल्यावर माझ्यापुढे तिची मुलगी, ताई बसली. धाकटा भाऊ गिऱ्हाईक बघायचा. पण करामुळे आमचे पट्टे महाग पडायचे, गिऱ्हाइकं तुटत चालली. शेवटची आशा होती बंदराशेजारच्या मुक्त व्यापार क्षेत्राची. तिथे कर माफ, पण कंपनी खरोखर नवी हवी. जुन्या कारखान्यातली एकही मशीन आत आणली, तर कंपनी अपात्र.

आईचं घर विकून दोघांनी नव्या मशिनी घेतल्या. आणि ताईने काय करावं? मलाही तिथेच नेलं! नवीवर तिचा हात बसेना, म्हणून तपासणीच्या नमुन्याचा पट्टा तिने माझ्यावर शिवला.

तपासणीच्या सकाळी धाकट्याला हे कळलं.

"अगं ताई, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!" म्हणत त्याने माझ्यावर ताडपत्री टाकली. तेवढ्यात तपासनीस बाई आल्याच.

त्यांनी नव्या मशिनी पाहिल्या, पट्टा ओढून पाहिला. मग ताडपत्रीपाशी थांबल्या.

"हे काय?"

"भंगार आहे, मॅडम," धाकटा म्हणाला.

इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. फार लागलं.

बाईंनी ताडपत्री उचलली. माझ्या सुईत त्या पट्ट्याचाच पिवळा दोरा होता.

"भंगार नाही ते," ताई पुढे होऊन म्हणाली. "आमच्या आईची मशीन आहे. नमुना हिच्यावरच शिवलाय. चूक माझी."

धाकट्याने डोळे मिटून घेतले. बाईंनी तो दोरा पट्ट्याच्या टाक्यांशी ताडून पाहिला.

"खरं बोललात, म्हणून एक संधी देते. ही आत्ताच्या आत्ता गेटबाहेर जाईल. आणि दुसरा पट्टा नव्या मशीनवर, माझ्यासमोर शिवायचा. नाही जमलं, तर अर्ज नामंजूर."

मला ढकलगाडीवर चढवलं, तेव्हा आतून आवाज येत होता. नवी मशीन घुरघुरली, अडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडली. सावकाश गं ताई, मी मनात म्हणत होते. दाराबाहेर पडेपर्यंत आवाज एकसारखा झाला. कंपनी पात्र ठरली.

आता मी गेटबाहेरच्या शिंप्याकडे ड्रायव्हरांच्या बॅगा शिवते. ताई जाता-येता माझं चाक फिरवते. धाकटा मात्र मान खाली घालून जायचा. काल तोच बॅगेचा तुटका पट्टा घेऊन आला. शिंप्याने मला दामटायला सुरुवात केली, तसा तो ओरडला, "अहो, हळू! आईची मशीन आहे ती."

नियम तो नियम, मला आत नेऊ नका. काल ती बॅग मात्र मी अशी शिवलीय, की फाटली तर कापडच फाटेल, टाका उसवायचा नाही.