परका हात

तांबडी मागच्या मागे सरकत रिंगणाच्या दोरीला भिडली. दोरीपलीकडे बसलेल्या आजी उठेपर्यंत त्यांची घडीची खुर्ची घोडीच्या पायाखाली मोडली होती. आजींचे पाऊल नुसते खरचटले. पण त्यांची सहा वर्षांची नात शेजारीच उभी होती आणि खूर तिच्यापासून जेमतेम हातभर लांब पडला होता.

"लगाम सोड, दादा. ढिला सोड!" धाकटी फाटकावरून ओरडली आणि धावत सुटली.

दादाने लगाम सोडला नाही. तो खोगिरात ताठ बसला होता, दोन्ही मुठी आवळून. तो जितका आवळत होता तितकी घोडी तोंड वर करून मागे जात होती. धाकटीने घोडीच्या तोंडाशी हात घातला, मानेवर तळवा टेकवला, तेव्हा कुठे ती थांबली. तिच्या ओठांवर फेस आला होता आणि बरगड्या भराभर वरखाली होत होत्या.

दादा सावकाश उतरला. कुणाकडेच न बघता म्हणाला,

"बिथरते हल्ली. कशालाही बिथरते."

बावन्न वर्षांची झाली तरी सगळे मैदान तिला धाकटीच म्हणत असे, कारण थोरला अजून घोड्यावर होता. घोड्यांच्या या प्रदर्शनात फाटकावर उभे राहून प्रत्येक घोडा तपासायचा हे तिचे काम. खोगिराचा पट्टा, नाल, तोंडातले लोखंडी कडियाळ, घोड्याचे कान, घोड्याची नजर. ज्याचा भरवसा वाटणार नाही त्याला ती परत पाठवी, मग मालक कोणी का असेना. एकदा तिने प्रदर्शनाच्या सचिवांच्या जावयालाच सैल पट्ट्यावरून परत पाठवले होते, तेव्हा सचिवांच्या घरात वर्षभर तिचे नाव काढायची सोय नव्हती. दादाची गोष्ट वेगळी. आज रिंगणात उतरलेल्यांपैकी निम्म्यांना खोगिरात बसायला त्यानेच शिकवले होते. त्याला सगळे मास्तर म्हणत, आणि मास्तरांच्या घोड्यांकडे फाटकावर कुणी फारसे बघत नसे. धाकटीही बघत नसे. घोड्यांत बघण्यासारखे काही नसेच.

हिवाळ्यात वहिनीचा फोन आला होता.

"हाताचा कंप आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले, वाढतच जाणार. घोडे आता बंद करा म्हणाले, तर दोन दिवस जेवले नाहीत हे. धाकटे, तू काही बोलू नकोस हं. कुणाजवळच नको. घोडे गेले ना, तर हा माणूस महिना काढायचा नाही."

धाकटी काही बोलली नव्हती. दादा हल्ली अर्धाच कप चहा घेतो, तोही दोन्ही हातांनी, हे तिने पाहिले होते. बटणांचे शर्ट जाऊन गळ्यातून घालायचे सदरे आले, तेही पाहिले होते. तिने पाहिले आणि गप्प बसली. घरातल्या सगळ्यांनी मिळून ती गोष्ट झाकून ठेवली होती, आणि एका घोडीपासून मात्र ती झाकता येत नव्हती. दादाच्या बोटांतला कंप लगामातून थेट तिच्या तोंडात उतरत होता. कुणी दिवसभर दाराची कडी वाजवावी आणि दार उघडले की काहीच मागू नये, तसे त्या बिचारीचे झाले होते. तिने काय करावे म्हणजे हे थांबेल ते तिला कळत नव्हते. मग ती मान झटकी, मागे सरे. ती मागे सरली की दादा घाबरून लगाम आणखी आवळी.

सचिव हातात पॅड घेऊन आले. ते आठवडाभर औषधांचे दुकान चालवत आणि सुटीच्या दिवशी हे प्रदर्शन. घोड्यांना ते मनापासून भीत, म्हणून नियमांवर त्यांचा फार जीव होता. दोरीच्या बाहेरच थांबून त्यांनी विचारले,

"ताई, हा हिचा दुसरा शेरा ना? पहिला गेल्या हंगामातला. फाटकाला धडकली होती तेव्हाचा."

"हो."

"दोन झाले म्हणजे यादीत घालावं लागेल." त्यांनी दादाकडे बघून ओशाळे हसू आणले. "मास्तर, माझा नाइलाज आहे. ती पोर थोडक्यात वाचली."

यादीत नाव गेले की घोडीला कुठल्याच प्रदर्शनाचे फाटक उघडत नसे. शिकवणीच्या तबेल्यांतही तिला कुणी दारात उभे करत नसे, मुलांच्या आईबापांना काय सांगायचे? अशी घोडी मग कत्तलखान्याचा दलाल वजनावर घेऊन जाई. दर वर्षी एखाददुसरे जनावर असे जात असे, आणि त्या शेऱ्यांतले बरेचसे धाकटीच्याच अक्षरात होते.

तिने सचिवांच्या हातातला कागद पाहिला. घोड्याचे नाव, रंग, वय. खाली खोड: चावतो, लाथा झाडतो, उधळतो, मागे सरतो. इतक्या वर्षांत या कागदावर माणसासाठी एखादा रकाना असावा असे कुणालाच सुचले नव्हते. तिलाही नाही.

"कुठली खोड?" मागून नालबंद आला. पंचवीस वर्षे तो या मैदानावरच्या घोड्यांना नाल ठोकत होता. "अहो, मी पाय हातात घेतला की ही माझ्या खांद्यावर मान टाकून डुलक्या काढते. लाळेनं शर्ट भिजतो माझा. आधी परका हात द्या की. नियम आहे ना तुमचा?"

नियम होता. दुसरा शेरा लिहिण्याआधी घोड्याला मालकाखेरीज दुसऱ्या कुणी धरून रिंगणात एक फेरी मारायची. परक्या हातातही तो तसाच वागला तर खोड घोड्याची. शांत चालला तर काय समजायचे, हे मात्र नियमात लिहिलेले नव्हते. ते ज्याचे त्याला कळत असे.

"द्या इकडे, मी फिरवतो," नालबंद म्हणाला.

"नको," दादा म्हणाला. जरा जास्तच घाईने म्हणाला. "धाकटी फिरवेल."

सचिवांनी मान डोलावली. "ताईंनी फिरवलं तर उत्तमच. त्यांच्यावर कोण आळ घेणार?"

धाकटीने लगामाला हात लावला. दादाची बोटे उघडेनात. ती लोकांकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने ती एकेक करून सोडवली. ती बोटे थंड होती आणि तिच्या तळहातात आपली आपण हलत होती. लहानपणी याच बोटांनी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या. तिला रडू येईलसे वाटले आणि रागही आला, कुणाचा ते तिला सांगता आले नसते.

ती तांबडीला घेऊन निघाली.

पहिल्या दहा पावलांत घोडीने नाकातून एक मोठा सुस्कारा टाकला. वीस पावलांवर तिची मान खाली आली. मग ती धाकटीच्या खांद्याशी खांदा लावून चालू लागली. लगाम दोघींच्या मध्ये सैल लोंबत होता. कुणीतरी दोरीजवळ छत्री उघडली, तरी तांबडीने फक्त एक कान तिकडे वळवला. इतकी गुणी घोडी साऱ्या मैदानावर नव्हती.

अर्धी फेरी झाली, तसे लोक बोलायचे थांबले. आजी नातीला जवळ घेऊन टक लावून बघत होत्या. सचिवांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. नालबंद घोडीकडे बघतच नव्हता. तो दादाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल होते, मग हळूहळू काहीतरी उमगू लागले होते. दादा फाटकाशी उभा होता, दोन्ही हात काखांत दाबून. एखाद्याच्या खिशातून चोरीची वस्तू निघण्याआधी तो जसा उभा राहील, तसा.

आणखी चाळीस पावले. एवढी ही अशीच चालली की सगळ्यांना कळणार होते. मग उद्या नालबंद हळहळत कुणाला तरी सांगेल, परवा मुलांचे आईबाप काहीतरी सबब सांगून शिकवणी थांबवतील. वहिनीचा आवाज तिच्या कानात होता, महिना काढायचा नाही. आणि हेही तिला स्वच्छ दिसत होते की तांबडी गेल्याने काही सुटणार नाही. तबेल्यात काळ्या आणि अजून तीन घोडे आहेत. त्यांच्या तोंडातही तोच हात असणार आणि दोरीपलीकडे कुणाची तरी नात असणार. फाटकावर उभी राहून ती आयुष्यभर लोकांना हेच तर सांगत आली होती.

रिंगणाच्या वळणावर ती घोडीच्या आणि लोकांच्या मध्ये आली. हात कडियाळाजवळ सरकवला आणि खाली हिसका दिला.

तांबडी थांबली. तिने मान वळवून धाकटीकडे पाहिले, कान पुढे केले, आणि पुढे काय करायचे ते विचारल्यासारखी वाट बघत राहिली.

धाकटीने दुसरा हिसका दिला. सगळा जीव लावून दिला.

घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. दोरीजवळ एकदम गलका झाला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी मुलांना मागे ओढले. खाली आल्यावर तांबडी थरथरत मागे सरत राहिली, पार फाटकापर्यंत, आणि धाकटी तिच्याबरोबर फरफटत गेली.

"झालं, झालं," सचिव म्हणाले. त्यांनी पेन काढले होते. "ताईंच्या हातातही असं करते म्हटल्यावर बोलायलाच नको."

नालबंदाने डोके खाजवले.

"मग माझंच चुकलं म्हणायचं," तो म्हणाला. तो दादापाशी गेला आणि त्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "वाईट वाटून घेऊ नका, मास्तर. एकेक जनावरच तसं निघतं."

दादाने मान हलवली. कागदावर मालकाच्या सहीची जागा होती, तिथे धाकटीने त्याच्या वतीने सही केली. कुणाला त्यात काही वावगे वाटले नाही.

गाडी मैदानाच्या मागे उभी होती. हल्ली ती वहिनीच चालवत असे. ती पुढे स्टिअरिंगवर समोर बघत बसली होती. तांबडीला आत चढवायला धाकटीने हात पुढे केला, तर घोडीने तोंड बाजूला घेतले. मग ती तशीच चढली, ओढत न्यावे लागले नाही. धाकटीने फळी वर उचलून खिट्टी घातली आणि वळली, तर दादा अगदी जवळ उभा होता.

"लगाम दोनदा ओढावा लागला तुला," तो म्हणाला.

तिला वर बघवेना.

"पहिल्यांदा तिला वाटलं, चुकून ओढला गेला. म्हणून थांबली." त्याने फळीच्या फटीतून आत पाहिले. "शहाणी आहे फार."

"दादा, आता पुरे कर," ती म्हणाली. "ती पोर अगदी शेजारीच उभी होती रे. मी बघितलंय. पुढच्या वेळी..."

"हो," तो म्हणाला.

त्याने हात काखेतून काढले आणि पहिल्यांदाच तिच्यासमोर ते तसेच उघडे लोंबू दिले. ते हलत होते. दोघांनी ते पाहिले. पुढे वहिनीने गाडी सुरू केली.

"पुढच्या महिन्यात काळ्याला आणतो," दादा म्हणाला. तो तिच्या डोळ्यांत बघत होता आणि बघायचे थांबत नव्हता. "तोही जरा बिथरायला लागलाय हल्ली."

धाकटीने खिट्टी नीट बसली आहे ना ते पुन्हा पाहिले.

"बरं," ती म्हणाली.